उतारावर एकच जीव

“मग, उद्या जातोयस की नाही?” रुकनबाबांनी विचारलं.

बहराम चुलीत लाकूड सारत होता. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

“तुलाच विचारतोय.”

“तुम्हाला सोडून कसा जाऊ, बाबा?”

चुलीतलं ओलं लाकूड सूं सूं करत राहिलं…

चुलीपलीकडे यारअली खेचरवाला पाय शेकत बसला होता. समुद्राकाठच्या गावातून पीठमीठ घेऊन तो दुपारीच वर आला होता, आणि त्या ओझ्याबरोबर एक निरोपही. बहरामची आई अंथरुणाला खिळली आहे. खाणं सुटलं आहे. डोळे मिटायच्या आधी एकदा मुलाला पाहायचं आहे, एवढंच म्हणते.

निरोप ऐकला तेव्हा बहरामचा चेहरा पांढरा पडला होता. पण तो उठला नाही. नेहमीसारखा बाबांच्या उजव्या अंगाला बसून राहिला.

ही गोष्ट कास्पियन समुद्राच्या काठची. तिथे डोंगर आणि समुद्र यांच्यात फार अंतर नाही. खाली भाताची खाचरं आणि मच्छीमारांची घरं, आणि मान वर केली की बर्फ. समुद्राची वाफ वर चढते, गार होते, आणि हिवाळाभर डोंगरावर पडत राहते. ओला, जड बर्फ. खालच्या बाया वाळत घातलेले मासे उलथताना वर बघतात आणि म्हणतात, आपलाच समुद्र वर जाऊन झोपलाय.

झोपेत तो कधी कधी कूस बदलतो. तेव्हा माणसं जातात.

रुकनबाबांचा तकिया, म्हणजे फकिराचा मठ, खिंडीच्या आतल्या बाजूला होता. दगडाची एक खोली, एक विहीर, बाहेर अक्रोडाचं एक झाड. वर्षानुवर्षं बर्फाकडे पाहून बाबांचे डोळे गेले होते. आधी कडा पुसट झाल्या, मग माणसं, मग दिवस. त्याचं त्यांना फार वाटलं असं कुणाला दिसलं नाही. ते म्हणत, “पुष्कळ पाहिलं. आता जरा ऐकतो.”

बाबांच्या पंथात एक चाल होती. नवा शिष्य आला की तो गुरूच्या कफनीचं टोक मुठीत धरी आणि म्हणे, “जिवात जीव आहे तोवर हे सोडणार नाही.” मग गुरू त्याच्या तोंडात खजूर घाली. शिष्य खजूर खाई, टोक सोडी, आणि झाडलोटीला लागे. सगळ्यांनी तसंच केलं होतं.

बहरामने सोडलं नाही.

खजूर खाऊन झाल्यावरही नाही. दुसऱ्या दिवशी नाही. पुढच्या वर्षीही नाही. बाबा चालले की तो एका हाताने टोक धरून मागे. बाबा बसले की तो शेजारी, टोक मुठीत. बाबांचे डोळे गेल्यावर तर त्याला जोरच चढला. आता लोकांनाही ते बरोबर वाटू लागलं. बाकीचे शिष्य आले, शिकले, आपापल्या गावी गेले. बहराम म्हणे, “ते बोलले आणि विसरले. मी बोललो ते पाळतोय.” हे म्हणताना त्याची मान थोडी ताठ होई.

“विहिरीवर कोण नेईल तुम्हाला?” आता तो बाबांना म्हणाला.

“विहीर काही उठून जात नाही.”

“आणि भाकरी?”

“तुझी खाऊन इतकी वर्षं काढली. करपवायला मलाही येईल.”

यारअली फिसकन हसला. “गोखरू आहे हा, बाबा. कपड्याला चिकटला की चिकटला. उपटायला जावं तर कपडा फाटतो.”

“हो, आहेच मी गोखरू,” बहराम म्हणाला. त्याला ते नाव आवडायचं.

“आईला काय सांगू मग?” यारअलीने विचारलं. आता तो हसत नव्हता. “तुझा मुलगा कपडा धरून बसलाय, असं सांगू?”

बहरामने मूठ उघडली नाही, पण तिच्याकडे पाहिलं.

आई आठवली त्याला. तो घर सोडून निघाला त्या सकाळी ती मासे साफ करत बसली होती. तो जवळ गेला, वाकला. तिने हात मागे घेतले. “नको रे, हात खवल्यांनी भरलेत. बाबांकडे चाललास, कपडे घाण होतील.” आणि कोपराने डोळ्यावरचे केस मागे सारून ती पुन्हा मासे साफ करू लागली होती.

“तिला कळेल,” तो हळूच म्हणाला. “मी वचनात आहे हे तिला ठाऊक आहे.”

बाबांनी बराच वेळ तोंड चुलीकडे धरलं. जणू जाळ त्यांना दिसत होता.

“बरं,” ते म्हणाले. “मग मी जातो.”

“कुठे?”

“तुझ्या आईला भेटायला.”

यारअलीचे पाय चुलीपासून मागे आले. “तुम्ही? बाबा, अहो, बर्फाची ती पाठ ओलांडायचीय. आणि समुद्रावरून उबदार वारा सुटलाय. उद्या दिवस चढला की पाऊस येणार.”

“म्हणून पहाटे निघू.”

“मी आलो तेव्हाच ती गुरगुरत होती…”

“मग तर निघालंच पाहिजे. नंतर वाट राहायची नाही.”

बहराम उठून उभा राहिला. त्याच्याबरोबर कफनीचं टोकही वर आलं.

“तुम्ही जाणार असाल तर मी आहेच बरोबर,” तो म्हणाला.

“असशीलच,” बाबा म्हणाले, आणि कुशीवर वळून झोपले.

—

पाठ म्हणजे खिंडीपलीकडचा उघडा उतार. झाड नाही, खडक नाही. वरून खालपर्यंत नुसता पांढरा, फुगीर, झोपलेल्या जनावरासारखा. तो आडवा ओलांडला की पलीकडे दगडी सोंड लागते, आणि तिथून समुद्राकडे उतरणारी पक्की वाट. हिवाळ्यात दुसरा रस्ता नाही.

पहाटे ते उताराशी पोचले तेव्हा धुकं होतं. समुद्रावरून आलेलं, खारट वासाचं धुकं. त्यात पांढरा उतार कुठे संपतो आणि पांढरी हवा कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. बर्फाच्या वर पातळ कवच धरलं होतं. पाय ठेवला की ते काचेसारखं वाजे आणि मग पाऊल मऊ बर्फात रुते. वारा गालांना थंड लागत नव्हता, आणि तीच वाईट खूण होती.

यारअलीने खेचराच्या गळ्यातल्या घंटेत लोकरीचा बोळा कोंबला. ओझ्याचे पट्टे सैल केले, म्हणजे वेळ आलीच तर जनावराला ओझं टाकून सुटता येईल. हे सगळं तो नमाजाआधी हात धुवावेत तसं करत होता. घाई नाही, बोलणं नाही.

बाबा उताराच्या कडेला गुडघ्यांवर बसले. बाही कोपरापर्यंत सारली आणि हात बर्फात घातला. बोटं हळूहळू खाली गेली…

“काय लागतंय?” बहरामने विचारलं.

“वर पापुद्रा. त्याच्याखाली परवाचा बर्फ, ओला, कणकेसारखा. जड आहे.” हात आणखी आत गेला. पार खांद्यापर्यंत. “आणि त्याच्याखाली…”

“काय?”

बाबांनी मूठ बाहेर काढली आणि बहरामच्या तळहातावर उघडली. बर्फाचे सुटे, कोरडे दाणे. एकमेकांना न चिकटणारे. ते त्याच्या बोटांमधून घरंगळले.

“थंडीतल्या निरभ्र रात्रींचे आहेत हे,” बाबा म्हणाले. “मोहरी पसरावी आणि तिच्यावर भिजलेली गोधडी घालावी, तसं झालंय.”

“म्हणजे सुटेल?”

“मला काय माहीत.”

“बाबा, तुम्हालाच माहीत नाही?”

“गोधडीला तरी कुठे माहीत असतं?”

यारअलीने खेचराच्या पाठीवर थाप मारली. “जा रे, शहाण्या.” खेचर एकटंच पुढे निघालं. नाक बर्फाजवळ धरून, एकेक पाऊल तोलत, धुक्यात विरघळत गेलं. मागे त्याच्या पोटाने आणि पायांनी पाडलेली खोल चर राहिली.

“खेचर आधी, मग मी,” यारअली म्हणाला. “मी पोचलो की दगडावर दगड आपटीन. मग दुसऱ्याने निघायचं. मध्ये थांबायचं नाही, ओरडायचं नाही. आणि काही झालं तरी…” त्याने बहरामकडे बघितलं, मग त्याच्या मुठीकडे. “पाठीवर एका वेळी एकच जीव. आमच्या आज्यापणज्यांपासून हेच चालत आलंय. नवरा-बायको असली तरी एकेक जातात. आई पाठीवरचं मूलसुद्धा खाली उतरवून दोरीने ओढून घेते.”

“कळलं,” बाबा म्हणाले.

“मला कळवायचं नाहीये, बाबा. या गोखरूला कळवायचंय.”

तो गेला. धुक्याने आधी त्याचे पाय घेतले, मग कंबर, मग टोपी.

दोघं उभे राहिले. वरून कुठूनतरी थेंब पडल्याचा आवाज आला… आणि मग नाही आला.

“तुम्ही चालणार कसे?” बहरामने विचारलं.

“खेचराची चर आहे. काठी टेकत जाईन.”

“मी मागे असेन.”

“नाही.”

“मग पुढे असेन.”

“एकेक, म्हणाला ना तो.”

“बाबा, आपण दोघं एकच आहोत.” बहरामने हे अगदी मनापासून सांगितलं.

बाबा हसले. आवाज न करता. “बर्फ वजन बघतो रे. नातं नाही विचारत.”

“तुम्ही आंधळे आहात!” त्याच्या तोंडून एकदम निघून गेलं. “तुम्ही चुकलात, पडलात तर? मी इथे उभा राहून बघू?”

“धुकं आहे. काही दिसायचं नाही.”

“चेष्टा नका करू.”

“बरं.”

“मेलो तर दोघं मरू. चालेल मला.”

“आणि ती?”

बहरामचा श्वास वाफेसारखा तोंडापुढे येत होता आणि विरत होता.

“मी वचन दिलंय, बाबा.”

“कुणाला?”

“तुम्हाला!”

बाबांनी जरा आठवून पाहिलं. “मी खजूर दिला होता, एवढं आठवतंय.”

पलीकडून दगडावर दगड वाजला. टक्… टक्… आवाज लांबून आला, पाण्याखालून आल्यासारखा. यारअली पोचला होता.

“सोड,” बाबा म्हणाले.

बहरामची मूठ घट्ट झाली. त्याला स्वतःलाही ती उघडता आली नसती. इतक्या वर्षांत बोटांना दुसरं काही येतच नव्हतं.

बाबांनी जोर केला नाही. ओढलं नाही, रागावले नाहीत. त्यांनी गळ्याजवळची गाठ सोडली, एक हात बाहेर काढला, मग दुसरा. कफनी त्यांच्या खांद्यांवरून घसरली आणि बहरामच्या मुठीत लोंबत राहिली.

आत एक विटका सदरा होता. त्या सदऱ्यात बाबा किती लहान दिसत होते! खांद्यांची हाडं वर आलेली, मान बारीक. हा माणूस आपण कधी पाहिलाच नाही, असं बहरामला वाटलं. आपण आजवर एक कापड पाहत होतो.

बाबांनी काठीने चर चाचपली आणि ते उतारावर उतरले.

“बाबा…”

ते चालत राहिले. त्यांची पाठ धुक्यात राखाडी झाली, मग त्याहून फिकी.

बहरामचा पाय आपोआप पुढे पडला. पाऊल पापुद्र्यातून आत गेलं आणि त्याच क्षणी उतार बोलला.

हुंफ्…

मोठा आवाज नव्हता. कुणी थकलेल्या माणसाने अंथरुणावर अंग टाकावं, तसा. पण तो पायांखालून आला, आणि दूरपर्यंत गेला. बहरामच्या पावलाच्या पुढे बर्फात एक रेघ उमटली. सुतासारखी बारीक. ती सरसर वर गेली, वळली, धुक्यात शिरली.

तो पुतळ्यासारखा थांबला. एक पाय उतारावर, एक पाय काठावर.

मग त्याला उलगडलं, की त्या रेघेच्या पलीकडे कुठेतरी बाबा आहेत. काठी टेकत चाललेले. आणि त्यांच्या पायांखालची ही अख्खी पांढरी गोधडी आता कशावर तरी अडून राहिली आहे, आणि ती अडून राहणार की नाही हे आपल्या दुसऱ्या पावलावर आहे.

पुढे जावंसं वाटत होतं. इतकं, की छाती दुखू लागली. धावत जाऊन त्यांना धरावं. आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं त्याने.

त्याने पाय मागे घेतला.

हळूच. पाळण्यातलं मूल झोपलं की आई हात काढून घेते, तसा. आधी टाच, मग चवडा. मग तो काठावर खडकाला पाठ लावून बसला. कफनी मांडीवर घेतली, आणि तिच्यात तोंड खुपसलं, कारण त्याला ओरडायचं होतं आणि ओरडायचं नव्हतं.

किती वेळ गेला ते त्याला कधीच सांगता आलं नाही. धुकं हलत होतं. मधूनच ते उजळे, आत कुठेतरी दिवा लावल्यासारखं, आणि पुन्हा मंद होई. कधी त्याला वाटे, काठीचा आवाज येतोय. कधी वाटे, तो आवाज थांबलाय. मग वाटे, आपण इथे फार वर्षं बसलो आहोत, वर बर्फ पडून गेला आहे, खाली समुद्र आटून गेला आहे, आणि आईने वाळत घातलेले मासे गोळा करायला कुणी उरलं नाही.

टक्.

तो कान टवकारून बसला.

टक्… टक्…

बहराम उठला. पाय बधिर झाले होते. त्याने कफनी गळ्याभोवती गुंडाळली आणि उताराशी आला. आणि तिथे त्याच्या ध्यानात आलं, की आजवर तो कधी एकटा चाललेलाच नाही. विहिरीपर्यंतसुद्धा नाही. आपण आंधळ्याला नेतो, असं तो सगळ्यांना सांगत आला होता.

पुढे कुणी नव्हतं. मागे कुणी नव्हतं. हात मोकळे होते, आणि त्या हातांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने ते थोडे बाजूला पसरले, लहान मूल चालायला शिकताना पसरतं तसे.

धुक्यात त्याला काही दिसत नव्हतं. पायाने चर लागे. चुकला की पापुद्रा वाजे आणि तो परत चरीत येई. ती रेघ त्याने ओलांडली. ती आता बोट जाईल एवढी रुंद झाली होती आणि तिच्या आत निळसर उजेड होता. तो तिथे थांबला नाही. बाबांना हाक मारावी असं दर पावलाला मनात येई. तोंड मिटून तो हाक गिळत गेला. अर्ध्यात आल्यावर एक गंमत झाली. हाक सुचेनाशी झाली. पाऊल, श्वास. पाऊल, श्वास. उतार त्याच्याखाली झोपला होता, आणि तो त्या झोपेवरून चालला होता, आणि ती मोडू नये एवढंच त्याच्या मनात होतं.

मग एक खरखरीत हात धुक्यातून आला आणि त्याने त्याला दगडावर ओढून घेतलं.

“आलास?” यारअली म्हणाला. “मला वाटलं तू सोबतच येणार, आणि जाणार दोघांना घेऊन.”

बाबा एका दगडावर काखेत हात धरून बसले होते. ओठ निळे पडले होते. खेचर त्यांच्याजवळ उभं राहून त्यांच्या मानेवर गरम फुंकर घालत होतं. बहरामने गळ्यातली कफनी सोडली आणि त्यांच्या अंगावर घातली. दोन्ही बाह्या नीट ओढल्या, गळ्याची गाठ मारली. हात मागे घेतले.

बाबांनी कफनी चाचपली.

“ओली केलीस,” ते म्हणाले.

—

ते निम्मी वाट उतरले तेव्हा पाऊस आला. कोमट, बारीक, समुद्राचा पाऊस. आणि थोड्या वेळाने वरून आवाज आला. आधी लांबट सुस्कारा, मग पुष्कळ गाड्या एकदम पुलावरून जाव्यात तशी गडगड. खेचराने कान मागे टाकले. झाडांवरचे पक्षी उडाले. मग वाऱ्याचा एक झोत त्यांच्यावरून गेला. त्यात बर्फाची भुकटी होती, आणि ती त्यांच्या भुवयांवर येऊन बसली.

पाठ सुटली होती.

यारअलीने टोपी काढली.

“तकियाची वाट गेली, बाबा,” बहराम म्हणाला. “उन्हाळ्यापर्यंत वर जाता यायचं नाही.”

“हं.”

“आता तुम्ही राहणार कुठे?”

“जिथे पाऊस लागणार नाही तिथे.”

गावात शिरताना पहिल्याच घरातून ताहिरा खाला बाहेर आली. ती बहरामच्या आईची शेजारीण, गावाची मावशी. गावासाठी भाकऱ्या भाजायची, हात कोपरापर्यंत पिठाने पांढरे. तिने आधी बहरामला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“आलात का महाराज? आम्हाला वाटलं, आभाळातून उतरायला शिडी लागेल तुम्हाला.”

“खाला, आई…”

“आहे. तुझ्यासाठी अडून बसलीय. तिच्या जागी मी असते तर कधीच गेले असते, तुझी वाट बघत नसते बसले.” मग तिला बाबा दिसले, आणि तिने पटकन डोक्यावर ओढणी घेतली. “अगं बाई, बाबाही आलेत! बाबा, माझ्या भट्टीपाशी चला. भिंत गरम आहे. असेपर्यंत तिथेच राहा, मला सोबत होईल.”

“येतो,” बाबा म्हणाले. “याला घरापर्यंत सोडतो आणि येतो.”

घर तेच होतं. दार तेवढं थोडं खाली बसलं होतं आणि जमिनीला घासत उघडत होतं. बहरामने ते उचलून आत ढकललं. आत अंधार होता, सुक्या माशांचा आणि औषधी काढ्याचा वास होता. कोपऱ्यात अंथरुणावर एवढीशी आई.

तो तिच्याजवळ बसला.

“कोण आहे?” तिने विचारलं.

“मी.”

मग पांघरुणातून तिचा हात आला. हाडं आणि कातडं. तो त्याच्या गालावर फिरला, कानावर, भिजलेल्या केसांवर.

“भिजलास,” ती म्हणाली. “जेवलास का?”

बहरामने नुसती मान हलवली. हो की नाही, ते त्यालाही कळलं नाही. तिचे डोळे हळूहळू मिटले. श्वास चालू होता, बारीक, मध्ये थांबणारा, पुन्हा सुरू होणारा.

तो घाबरून उठला आणि दाराशी आला.

बाबा उंबऱ्याबाहेर उभे होते. वळचणीचं पाणी त्यांच्या खांद्यावर पडत होतं. त्यांच्यामागे अंगण, अंगणामागे भाताची ओली खाचरं, आणि त्यामागे राखाडी समुद्र, जो आकाशाहून वेगळा दिसत नव्हता.

“बाबा, आत या ना,” बहराम म्हणाला. “तिच्या डोक्यावर हात ठेवा. दुवा मागा. तुमचा शब्द लागला तर ती…”

बाबा हलले नाहीत.

“निदान दोन पावलं आत या. मी एकटा काय करू इथे? काय बोलू तिच्याशी? मला काही येत नाही, बाबा. तुमच्या मागे चालण्याशिवाय मला काही येत नाही.”

पाऊस पडत होता…

“मी आता तुमचा कोण? तेवढं तरी सांगा. मी तुमचा शिष्य आहे की नाही?”

बाबांनी काठी पुढे केली, उंबरा चाचपला, आणि एक पाऊल मागे घेतलं.

“दार लाव, बहराम,” ते म्हणाले. “तिला वारा लागतोय.”